काटा थांबू न देता कोड बदलणे: प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार. लातूर

दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी सर्व्हर रीस्टार्ट केला. २ वाजून ५१ मिनिटांनी आडत दुकानातल्या मुनीमकाकांचा फोन.

"इंजिनेर, गेलं बगा तुमचं. शेतकरी पट्टीसाठी उभा हाय आन इथं नुसती चकरी फिरायलीय."

"काका, दहा सेकंद थांबा, येतंय."

"दहा सेकंद तुमचे. हितं रांगेत सहा मानसं हायत."

त्यांचं बरोबर आहे. नवं सोयाबीन यायला लागलंय, यंदाचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि सौद्यात त्याच्या बराच खाली दर निघतोय. माणूस आधीच वैतागलेला असतो, त्यात पडद्यावर ५०२ ही चूक, म्हणजे मागून उत्तर येत नाही.

नवा माणूस आला तर त्याच्यासाठी मांडणी लिहून ठेवतो. मार्केट यार्डातल्या काही आडत दुकानांसाठीची ही प्रणाली. ढिगाला लॉट नंबर, सौद्यात निघालेला दर, काट्यावरचं वजन, त्यातून हमाली-तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद. २ जीबी मेमरीचा एकच भाड्याचा सर्व्हर. दारात बाहेरच्या विनंत्या घेणारा एन्जिनएक्स, त्याच्या मागे पायथनचा कोड चालवणारा गनिकॉर्न, त्यात जँगो (ज्या पायथन चौकटीवर आमचं अॅप बांधलंय ती), आणि त्याच मशीनवर पोस्टग्रेस हा डेटाबेस. गनिकॉर्नचा एक मास्टर, त्याच्या हाताखाली विनंत्या हाताळणारे पाच वर्कर, प्रत्येकी दोन थ्रेड (म्हणजे एका वेळी दोन कामं). रीस्टार्टला ९ सेकंद लागतात. तेवढा वेळ सॉकेटवर (विनंत्या जिथून आत येतात त्या दारावर) कुणी कान देऊन नसतं, म्हणून एन्जिनएक्स ५०२ देतो.

आजवरचा नियम असा की अपडेट रात्री दहानंतरच टाकायचं. पण हिशेबातली चूक दुपारी दोनला सापडली तर दहापर्यंत शे-दोनशे पट्ट्या चुकीच्या निघालेल्या असतात. आता ठरवलंय: ऐन सौद्यात कोड बदलता आला पाहिजे, आणि तो बदलला हे मुनीमकाकांना कळता कामा नये.

८ ऑक्टोबर, मंगळवार

उदगीरचा पोरगा (सहा महिन्यांपासून आमच्याकडे शिकतोय) सकाळीच म्हणाला, "दादा, पायथनमध्ये इम्पोर्टलिबचं रीलोड हाय की. प्रोसेस मारायची कशाला? मॉड्यूल तेवढं परत वाचायचं."

मी नको म्हणालो नाही. करून बघितल्याशिवाय पटत नाही, मलाही नाही. दोघांनी मिळून दुपारभर खेळ केला.

पट्टीच्या क्लासमध्ये (पट्टीचा कोडमधला साचा) एक ओळ बदलली, चालू प्रोसेसमध्ये ते मॉड्यूल, म्हणजे कोडची ती फाइल, रीलोड केलं. त्याच मॉड्यूलच्या नावाने हाक मारली तर नवा कोड आला. पण दुसऱ्या फाइलने सुरुवातीलाच "फ्रॉम पट्टी इम्पोर्ट वजावट" असं लिहून ते फंक्शन आपल्या घरात नेऊन ठेवलं होतं. तिथे जुनंच. आमच्या लातूरच्या गोलाईला सोळा रस्ते फुटतात. मधल्या चौकातली पाटी बदलली म्हणून त्या रस्त्यांवर आधीच निघालेली माणसं मागे वळत नाहीत.

पुढचं अजून वाईट. रीलोडच्या आधी तयार झालेली एक पट्टी मेमरीत होती. रीलोडनंतर तिला विचारलं, तू पट्टी या क्लासची का? उत्तर: नाही. नाव तेच, फाइल तीच, पण ती जुन्या क्लासची आणि आता त्या नावाला नवा क्लास बसलाय. शिवाय नव्या फाइलमधून एक फंक्शन आम्ही काढून टाकलं होतं, ते रीलोडनंतरही जिवंत सापडलं. कारण रीलोड जुना डबा रिकामा न करता त्याच डब्यात नवं भरतो. जे नवीन आलं ते वर बसतं, ज्याला बदली नाही ते तळाशी तसंच.

पैशाच्या हिशेबात अर्धी प्रोसेस जुनी, अर्धी नवी? नाही. हा रस्ता बंद.

पोरगा हिरमुसला म्हणून त्याला एर्लंग दाखवली. एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मलेली भाषा. चालू फोन न तोडता कोड बदलायचा हे तिच्या पायातच आहे. एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी नांदतात, जुनी आणि चालू. तिसरी आली की जी प्रोसेस अजून सर्वांत जुन्या कोडवर अडकलेली असेल ती सरळ मारली जाते. म्हणजे तिथेही जुन्याला कायमचा आसरा नाही. पण एर्लंगने हे पहिल्या दिवसापासून धरून घर बांधलं. आपण पायथनच्या भिंतीत आता खिडकी पाडायला निघालोय.

९ ऑक्टोबर, बुधवार

पोराचा पुढचा प्रश्न चांगला होता. "मग जँगोच्या रनसर्व्हरला कसं जमतं? फाइल सेव्ह केली की आपोआप नवं येतं."

ते रीलोड नव्हेच. रनसर्व्हर, म्हणजे लॅपटॉपवर काम करताना वापरायचा जँगोचा विकाससर्व्हर, दर सेकंदाला फाइलींच्या वेळा तपासतो, बदल दिसला की आतली प्रोसेस ३ हा कोड देऊन मरते, आणि वरची प्रोसेस तो ३ बघून नवी उभी करते. घरात एकटेच असतो म्हणून मेल्याचं कळत नाही.

आमच्या आधीची प्रणाली पीएचपीत होती आणि तिथे हा प्रश्नच नव्हता असं एका दुकानदाराने आज ऐकवलं. खरं आहे. पीएचपी प्रत्येक विनंतीला पाटी कोरी करून सुरू करतो. फाइल बदलली की पुढच्या विनंतीला नवी. ऑपकॅश (वाचलेला कोड मेमरीत ठेवणारा भाग) लावला तर तोही मुळात दोन-दोन सेकंदांनी फाइलची वेळ बघतो. बघणं बंद केलं असेल तर मात्र तिथेही रीलोडचा दोर ओढावाच लागतो. असो. जुनी प्रणाली का सोडली त्याची कारणं वेगळी होती, त्यात पडत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

गनिकॉर्नच्या मास्टरला हप सिग्नल. हप म्हणजे हँगअप, पलीकडच्याने फोन ठेवला. मोडेमच्या जमान्यात लाइन तुटली की प्रोसेसला हा निरोप जायचा. पुढे पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रामांना टर्मिनलच उरलं नाही, मग या रिकाम्या सिग्नलला "कॉन्फिगरेशन परत वाच" हा नवा अर्थ चिकटला. एन्जिनएक्सही तेच पाळतो.

हप मिळाला की मास्टर स्वतः मरत नाही. सॉकेट त्याच्या हातात असतो, तो तसाच धरून ठेवतो. नवे वर्कर जन्माला घालतो आणि जुन्यांना सांगतो, हातातलं काम संपवा आणि निघा. वर्कर मरतातच, फक्त दार कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. "रीस्टार्ट न करता" म्हणतात त्याचा अर्थ एवढाच, हे आज डोक्यात नीट बसलं.

चाचणी सर्व्हरवर दर ०.२ सेकंदाला एक विनंती सोडणारी स्क्रिप्ट लावली, उत्तरात आवृत्ती क्रमांक छापला आणि हप दिला. एकही ५०२ नाही. टाळ्या. पण आवृत्ती क्रमांकही बदलला नाही.

अर्धा तास गेला. कारण प्रीलोड. मेमरी वाचवायला मी गेल्या वर्षी प्रीलोड चालू केला होता. त्यात मास्टरच अॅप एकदा मेमरीत घेतो आणि त्याच्या प्रती वर्करांना वाटतो. मास्टर जुना तर वाटप जुनंच. हपने नवे वर्कर आले, पण तेच शिळं घेऊन. प्रीलोड बंद केला. आता आवृत्ती बदलली.

एक गोष्ट मात्र खटकली. विनंत्या पडल्या नाहीत, पण एकीला ७.८ सेकंद लागले. मास्टर नवे वर्कर काढतो आणि लगेच जुन्यांना निरोप देतो, नव्यांचं आवरून होईपर्यंत थांबत नाही. जुने गेले, नवे अजून इम्पोर्ट करतायत, तोवर विनंती सॉकेटच्या रांगेत उभी. दुकान उघडं आहे, पेढीवर कुणी नाही. ५०२ पेक्षा बरं, पण सात सेकंदांत मुनीमकाका फोन उचलू शकतात. आमचं अॅप सुरू व्हायला वेळ लागतो तो पांडास या आकडेमोडीच्या लायब्ररीमुळे, आणि पांडास लागतो फक्त एका अहवालाला. यादीत घातलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

काम नाही. आईने लॅपटॉपवर हळद-कुंकू वाहिलं आणि की-बोर्डवर आपट्याचं पान ठेवलं. हळद स्पेसबारच्या खाली गेली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

खऱ्या सर्व्हरवर पहिला हप, सकाळी साडेआठला, सौदे निघायच्या आधी. सिस्टमडीच्या (सर्व्हरवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) रीलोडमध्ये मास्टरला हप देण्याची ओळ घातली होती. विनंत्या पडल्या नाहीत. आवृत्ती: जुनी. पुन्हा.

प्रीलोड बंद आहे ना? आहे. नवी फाइल पोचली ना? पोचली, उघडून बघितली. मांडणी अशी: प्रत्येक आवृत्तीला तारखेच्या नावाचं वेगळं फोल्डर, आणि "करंट" नावाची सिमलिंक चालू फोल्डरकडे बोट दाखवते. सिमलिंक बघितली, नव्याकडेच होती. तीनदा हप दिला. तीनदा जुनंच.

मग प्रॉक (चालू प्रोसेसची माहिती जिथे दिसते ते फोल्डर) खाली मास्टरच्या पीआयडीच्या, म्हणजे प्रोसेस क्रमांकाच्या, फोल्डरात शिरलो आणि सीडब्ल्यूडी (प्रोसेस सध्या बसलेली जागा) कुठे जातो ते बघितलं. तिथे "करंट" नव्हतंच. सरळ ३ ऑक्टोबरच्या फोल्डरचा पत्ता होता. सिस्टमडीला मी सांगितलं होतं की "करंट"मध्ये जाऊन सुरू हो. तो गेला, पण ज्या दिवशी गेला त्या दिवशी "करंट" म्हणजे ३ ऑक्टोबरचं फोल्डर होतं. कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला) पाटीवरचं नाव लक्षात राहत नाही, आत शिरलेली खोली तेवढी राहते. बाहेर पाटी फिरवली तरी मास्टर जुन्याच खोलीत बसलाय, आणि त्याचे नवे वर्करही त्याच खोलीत जन्म घेतायत.

गनिकॉर्नला चेंजडिर, म्हणजे कुठल्या फोल्डरात जायचं ते, स्पष्ट सांगितलं नाही तर तो सुरू होतानाची चालू जागा धरतो. आता कॉन्फिगरेशनमध्ये "करंट"चा पूर्ण पत्ता लिहिला. हपला कॉन्फिगरेशन परत वाचलं जातं, त्या वेळी तो पत्ता नव्याने चालून जातो. (हा बदल लागू करायला एक रीस्टार्ट लागलाच. तो रात्री.)

त्या मास्टरचं फोल्डर साफसफाईत उडवलं असतं तर काय? चाचणी सर्व्हरवर करून बघितलं. सीडब्ल्यूडीपुढे "डिलीटेड" असं येतं आणि नवे वर्कर उभेच राहत नाहीत. म्हणून मागच्या पाच आवृत्त्या ठेवायच्या.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

छोटीशी दुरुस्ती. लिंक करणाऱ्या एलएन कमांडला जबरदस्तीचा पर्याय देऊन सिमलिंक बदलली की तिच्या जुन्या आवृत्त्या आधी जुनी लिंक पुसतात, मग नवी करतात. मधल्या क्षणी "करंट" नावाचं काहीच नसतं. त्याऐवजी वेगळ्या नावाने नवी सिमलिंक करायची आणि एमव्ही या नाव बदलणाऱ्या कमांडला मोठा टी हा पर्याय देऊन तिचं नाव बदलायचं. नाव बदलणं एका झटक्यात होतं, मध्ये फट राहत नाही. एवढ्यासाठी कुणी मेलं नसतं, पण स्क्रिप्ट लिहितोच आहे तर नीट लिहू.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सव्वाचार मिनिटं सगळं बंद. चूक माझी, म्हणून सविस्तर.

दुपारी ३ ला एसएमएसची दुरुस्ती टाकली. सेटिंग्जमध्ये नवं पर्यावरण-चल (कोडच्या बाहेर, त्या-त्या मशीनवर ठेवलेली किंमत) वाचायची ओळ होती. लॅपटॉपवर ते चल होतं, सर्व्हरवर घालायचं राहिलं. मला वाटत होतं, नवे वर्कर उठले नाहीत तर जुने चालू राहतील. मास्टर शहाणा आहे, बघून घेईल.

मास्टर असं काही बघत नाही. वर्कर उठताना अॅपच लोड झालं नाही तर तो ३ देऊन मरतो, आणि गनिकॉर्नचा मास्टर त्या ३चा अर्थ लावतो की मुळातच बिघाड आहे, दुकान बंद करा. जुने, नवे, सगळे खाली. सिस्टमडीने मास्टर परत उठवला, तो परत पडला, परत उठवला, परत पडला. मी इकडे लॉग वाचतोय आणि फोन वाजतोय.

सिमलिंक मागे फिरवली, सुरू झालं. नंतर यार्डात गेलो तर मुनीमकाकांनी कपाटातलं कोरं पट्टीबुक काढून, कार्बन घालून, अकरा पट्ट्या हाताने लिहिल्या होत्या. अक्षर माझ्या प्रिंटरपेक्षा बरं. त्या अकरा पट्ट्या संध्याकाळी प्रणालीत मी बसून भरल्या. एकही बेरीज चुकलेली नव्हती.

आता हपच्या आधी दोन तपासण्या, स्क्रिप्टमध्येच, वगळता न येणाऱ्या:

एक, गनिकॉर्नची चेक-कॉन्फिग. ती अॅप खरोखर लोड करून बघते आणि बाहेर पडते. पण माझ्या शेलमधून (मी कमांड देतो त्या खिडकीतून) नाही. सेवा ज्या पर्यावरण-फाइलवर चालते तीच फाइल देऊन. नाहीतर तपासणी माझ्या घरची आणि परीक्षा त्यांच्या घरची.

दोन, जँगोची चेक. युआरएलच्या फाइली (कुठल्या पत्त्याला कुठला कोड ते सांगणाऱ्या) पहिल्या विनंतीपर्यंत वाचल्याच जात नाहीत. व्ह्यूमधला (त्या पत्त्याला उत्तर देणाऱ्या कोडमधला) इम्पोर्ट तुटला असेल तर वर्कर आनंदाने उठतो आणि पहिल्या गिऱ्हाइकाला ५०० ही चूक देतो. चेक त्या फाइली आधीच वाचायला लावते.

आणखी एक, उशिरा उमजलेलं. पर्यावरण-फाइलमध्ये चल लिहून हप दिला असता तरी उपयोग नव्हता. सिस्टमडी ती फाइल मास्टर सुरू करताना वाचतो, वर्करांना मास्टरचा वारसा मिळतो, आणि मास्टर जुना. पर्यावरण बदललं की हप पुरत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटे. प्रीलोड बंद केल्याची वसुली झाली.

आधी पाचही वर्कर मास्टरच्या मेमरीत वाटेकरी होते. आता प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं, एकेक २१० एमबी. पाचांचे १,०५०. हपच्या वेळी जुने पटकन गेले तर काही नाही. पण संध्याकाळी दुकानं दिवसभराचा अहवाल काढतात, त्याला दीड-दोन मिनिटं लागतात (त्यासाठी एन्जिनएक्सची मूळ ६० सेकंदांची मर्यादा आधीच वाढवलेली). चार जुने वर्कर अहवालात गुंतलेले, पाच नवे आलेले, आणि मी घाईने दुसरा हप दिला. त्याने आणखी पाच.

कर्नलने मेमरी संपली म्हणून एक बळी घेतला, आणि तो नेमका पोस्टग्रेसचा. पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी अचानक मेली की तो सामायिक मेमरीवर भरवसा ठेवत नाही. बाकीची सगळी कनेक्शनं तोडतो आणि सावरून परत उभा राहतो. डेटा शाबूत. पण बारा-पंधरा सेकंद सगळ्या दुकानांवर चूक.

ज्यांचे अहवाल चालू होते ते गेलेच. ते नाहीतरी गेले असते. जुन्या वर्करला हातातलं संपवायला मुळात ३० सेकंदांची मुदत असते, त्यानंतर ओढून बाहेर काढतात. मुदत वाढवून तीन मिनिटं करता आली असती. नाही केली. मग प्रत्येक अपडेटला तीन मिनिटं जुना कोड आणि दुप्पट मेमरी सांभाळत बसावं लागलं असतं. दोन मिनिटांचं काम वेब वर्करने करायचंच कशाला?

२४ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस यातच गेले. अहवाल वेब वर्करच्या हातून काढून घेतला. मागणी टेबलात नोंदवायची, वेगळी प्रोसेस ती उचलते, अहवाल तयार झाला की दुवा दिसतो. पांडास तिकडेच गेला. वेब वर्कर २१० वरून ९५ एमबीवर आला आणि सुरू व्हायचा वेळ ७-८ सेकंदांवरून २ सेकंदांच्या आत. पाचांऐवजी दोन वर्कर, प्रत्येकी चार थ्रेड. आता हपच्या वेळची सर्वांत लांबलेली विनंती १.९ सेकंद. स्क्रिप्टमध्ये कुलूपही घातलं: एक हप चालू असताना दुसरा देता येत नाही.

पोराने लगेच विचारलं, "आन त्या अहवालवाल्या प्रोसेसला नवा कोड कोन सांगनार?" मी विसरलोच होतो. ती गनिकॉर्नची कुणी लागत नाही, तिला हप जात नाही. तिने हातातलं एक काम संपलं की आवृत्ती बघायची आणि बदलली असेल तर स्वतःहून बाहेर पडायचं. सिस्टमडी नवी उठवतो. तिच्या दारात कुणी उभं नसतं, तिला चालतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीच्या तोंडावर गर्दी. आजचा घोटाळा कोड कसा लोड झाला याचा नव्हता, तरी मूळ तिथेच.

वजावटीत आधी प्रत्येक रक्कम वेगळी पूर्णांक करून मग बेरीज व्हायची. दुकानांनी सांगितलं, आधी बेरीज करा, मग पूर्णांक. दुपारी टाकलं, हप, सगळं सुरळीत. दहा मिनिटांनी एका शेतकऱ्याने पट्टी परत आणली. हमाली ११२.६०, तोलाई ४६.६०. जुन्या रीतीने ११३ आणि ४७, म्हणजे १६०. नव्या रीतीने १५९.२०, म्हणजे १५९. काकांनी पडद्यावर बघून "एकशेसाठ कटले" असं मोठ्याने सांगितलं होतं. मग छापा दाबला, आणि त्या दोन दाबांच्या मध्ये माझा हप. कागदावर १५९.

रुपया शेतकऱ्याच्याच फायद्याचा होता. पण तो रुपयासाठी आलाच नव्हता. म्हणाला, "तोंडानं एक सांगताव, कागदावर एक. मग वजनाचं काय खरं धरावं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

छापताना परत हिशेब करायचाच नाही, असं केलं. पडद्यावर दाखवलेला आकडा त्याच क्षणी नोंदवायचा आणि तोच छापायचा. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. रीस्टार्टच्या काळातही हे कधी ना कधी झालं असणार. तेव्हा ५०२ च्या गोंधळात कुणाच्या लक्षात आलं नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

गेल्या वर्षभरातल्या अपडेटांची यादी काढली. एकूण ६४. त्यातली २३ अपडेटं म्हणजे कोडमध्ये लिहिलेला एखादा आकडा बदलणं: हमालीचा दर, तोलाईचा दर, एसएमएसचा मजकूर, पट्टीखालची सूचना. हा कोड नव्हताच. कोडच्या खोलीत ठेवलेला माल होता. दर आता टेबलात, "कधीपासून लागू" या रकान्यासह, आणि ते दुकानच बदलेल. तीन आठवडे मी ज्या दाराला बिजागऱ्या बसवतोय त्यातून एक तृतीयांश सामान जायचंच नव्हतं, हे कळून थोडं हसू आलं, थोडी चीड.

लक्ष्मीपूजन १ तारखेला. ५ पर्यंत हात लावायचा नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

यार्ड काल सुरू झालं. आज डेटाबेसचं काम: "ओलावा" रकाना मजकूर होता ("१२", "१२%", "बारा", एका ठिकाणी "बरा"), तो आकडा करायचा.

आधी रात्री दुकान बंद करून एका झटक्यात केलं असतं. आता जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर काही मिनिटं तरी एकत्र असणार, आणि मागे फिरायची वेळ आली तर जास्तच. म्हणून चार टप्पे. नवा रिकामा रकाना वाढवायचा, जुन्या कोडला त्याचं सोयरसुतक नाही. मग दोन्हीकडे लिहिणारा कोड. मग मागच्या नोंदी हळूहळू भरायच्या. जुना रकाना पुढच्या आठवड्यात काढायचा, जुना कोड कुठेच उरला नाही याची खात्री झाल्यावर.

टेबल बदलताना पोस्टग्रेस पूर्ण कुलूप मागतो. काम क्षणाचं असतं, पण आधी कुणाचा लांबलचक व्यवहार चालू असेल तर आपण त्याच्या मागे थांबतो आणि आपल्या मागे अख्खा बाजार थांबतो. लॉक टाइमआउट, म्हणजे कुलपासाठी थांबायची मर्यादा, २ सेकंद ठेवला. नाही मिळालं तर सोडून द्यायचं, परत प्रयत्न. दुसऱ्या खेपेला मिळालं.

११ नोव्हेंबर, सोमवार

उरलेला प्रश्न: लायब्ररी किंवा पर्यावरण बदललं तर हप पुरत नाही, मास्टरच बदलावा लागतो. गनिकॉर्नमध्ये त्यासाठी यूएसआर२ हा सिग्नल आहे. जुना मास्टर नवा मास्टर उभा करतो, दोघे काही काळ एकाच सॉकेटवर, मग जुन्याला निरोप. चाचणी सर्व्हरवर केलं. जुना मास्टर शिस्तीत गेला, आणि सिस्टमडीने पाहिलं की माझा मुख्य माणूस गेला, म्हणजे सेवा संपली. त्याने नव्या मास्टरलाही हाकललं. दोघांची समजूत घालता येते, पण मला दोन मालकांच्या मध्ये उभं राहायचं नाही.

त्यापेक्षा सॉकेटच सिस्टमडीच्या हातात दिला. सॉकेटची वेगळी युनिट, गनिकॉर्न त्याच्याकडून उघडलेला सॉकेट घेतो. आता गनिकॉर्न पूर्ण रीस्टार्ट केला तरी दार सिस्टमडीने धरलेलं असतं. येणारा परत जात नाही, रांगेत थांबतो. मोजलं: ३.१ सेकंद, एकही ५०२ नाही. महिन्यातून एखाद वेळेला हे चालेल, रोजच्या कोडला हप. लायब्ररी चालू व्हेन्व्हमध्ये (पायथनच्या लायब्ररींचं वेगळं फोल्डर) भरायच्या नाहीत, नवं व्हेन्व्ह बाजूला तयार करून मग बदल.

हे ७ ऑक्टोबरलाच केलं असतं तर निम्म्या नोंदी लिहाव्या लागल्या नसत्या. पोराने हे बोलून दाखवलं. चहाचे पैसे त्याला द्यायला लावले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

२ वाजून ४० मिनिटांनी, ऐन सौद्यात, अपडेट. ओलावा १०० पेक्षा जास्त टाकता येऊ नये एवढंच. तपासण्या पास, हप, सर्वांत लांबलेली विनंती १.७ सेकंद. फोन नाही.

साडेतीनला लॉगमध्ये बघतो तर एका दुकानातून ओलावा १२५ आला आणि सर्व्हरने परत पाठवला. तो पडद्यावरच अडायला हवा होता, जावास्क्रिप्टमध्ये. बाकी दुकानांत अडत होता. यार्डात गेलो. मुनीमकाकांचंच दुकान.

"काका, हे पान कधी उघडलंय?"

"पाडव्यानंतर दुकान उघडलं तवा. ५ तारकेला."

नऊ दिवस. संगणक बंद होत नाही, इन्व्हर्टर आहे. टॅब बंद होत नाही, "पुन्ना लॉगिन कोन करनार". सर्व्हरवरचा कोड या नऊ दिवसांत सात वेळा बदलला आणि काकांच्या टॅबमध्ये ५ तारखेची जावास्क्रिप्ट शांतपणे चालू होती. स्टॅटिक फाइलींच्या (जावास्क्रिप्ट वगैरे) नावात मजकुरानुसार बदलणारा ठसा आहे, जुन्या फाइलीही आम्ही ठेवतो, म्हणून काहीच तुटलं नाही. तुटलं असतं तर आधी कळलं असतं.

उद्याचं काम: प्रत्येक उत्तरासोबत आवृत्ती पाठवायची. पानाची आवृत्ती मागे पडली असेल तर वर पिवळी पट्टी: "नवीन आवृत्ती आली आहे. हातातली पट्टी झाली की पान ताजे करा." आपोआप ताजं करायचं नाही. कुणी अर्धा लॉट भरलेला असतो.

काकांना एफ ५ दाबायला सांगितलं. ते म्हणाले, "थांब, एवडी पट्टी होऊ दे." मी थांबलो.